कोशाचा अधिकार : वैदिक ज्ञानपद्धती आणि मराठी कोशरचनेची तत्त्वे

१

श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे खंड १९२० पासून प्रसिद्ध होऊ लागले. कोश म्हटला की वाचकाला ‘अ’पासून सुरू होणारी अकारविल्हे नोंदींची मालिका अपेक्षित असते. केतकरांनी या अपेक्षेला प्रारंभीच छेद दिला. अकारविल्हे शरीरखंडांच्या आधी त्यांनी पाच प्रस्तावनाखंड घातले : ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. त्यांपैकी दुसरा खंड संपूर्णपणे वेदवाङ्मयाला दिलेला आहे. विसाव्या शतकातील विश्वज्ञानाचा संग्रह मराठीत आणू पाहणारा संपादक आरंभीचा एक अख्खा खंड वेदविद्येवर का खर्च करतो, हा प्रश्न मराठी समीक्षेने जितक्या गांभीर्याने विचारावयास हवा होता तितक्या गांभीर्याने विचारलेला दिसत नाही. केतकरांच्या विक्षिप्तपणाचा आणखी एक नमुना म्हणून या रचनेकडे पाहण्याचीच प्रवृत्ती राहिली.

वस्तुतः ही रचना विचारपूर्वक केलेली होती. केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले आणि हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील प्रबंध लिहून परतले. पाश्चात्त्य ज्ञानकोशांचे स्वरूप त्यांना आतून ठाऊक होते. त्या कोशांची तटस्थता ही विशिष्ट समाजाच्या केंद्रातून पाहिलेली तटस्थता असते, हेही त्यांनी ओळखले होते. मराठी कोशाला स्वतःचे केंद्र हवे असेल तर जगाकडे कोठून पाहावयाचे ते आधी सांगितले पाहिजे, ही प्रस्तावनाखंडांमागची भूमिका होय. परंतु ‘वेदविद्या’ हा खंड वेदस्तुतीचा खंड झाला नाही. युरोपीय विद्वानांनी केलेली वेदांची ऐतिहासिक चिकित्सा आणि भारतीय याज्ञिक परंपरेने जपलेले श्रौतकर्माचे ज्ञान ही दोन्ही त्यात शेजारी शेजारी आली. पुढच्या खंडात केतकरांनी मंत्रसंस्कृती आणि सूतसंस्कृती असा भेद करून वैदिक काळालाही एकजिनसी मानण्याचे नाकारले. वेद हा या कोशात चिकित्सेचा विषय झाला. ती चिकित्सा मराठी वाचकाच्या हाती देणे हा कोशाच्या कार्याचा भाग ठरला.

या कामाची सामूहिकताही ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्ञानकोश मंडळ ही भागधारकांची मर्यादित कंपनी होती. एखाद्या राजाच्या आश्रयावर अवलंबून न राहता अनेकांच्या लहानमोठ्या रकमांवर ती उभी राहिली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखे सहकारी याच कार्यालयात घडले आणि पुढे त्यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. केतकरांनी या सर्व खटाटोपाचा वृत्तांत ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात मांडला. शीलवती केतकर, म्हणजे पूर्वाश्रमीच्या एडिथ कोहन या जर्मन-ज्यू विदुषी, यांनी विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर केले. कलकत्ता विद्यापीठाने त्याचा वेदवाङ्मयावरील भाग असलेला पहिला खंड १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. परदेशात जन्मलेल्या एका स्त्रीने वेदविषयक ज्ञानव्यवहारात असा वाटा उचलला. परंपरेच्या अधिकारविचारात मात्र अशा व्यक्तीला जागाच नव्हती. केतकरांनी विवाहापूर्वी त्यांना व्रात्यस्तोम या वैदिक विधीने हिंदू करून घेतले. वेदातीलच एक विधी वेदाची कुंपणे ओलांडण्यासाठी वापरला गेला. कोशरचनेच्या तत्त्वांचा विचार करताना हा प्रसंग विसरता येत नाही. कारण कोशात काय लिहावयाचे या प्रश्नाआधी कोश कोणी लिहावयाचा हा प्रश्न येतो.

२

‘वैदिक विचारावर आधारलेला कोश’ अशी कल्पना मांडली जाते तेव्हा तिचे दोन अगदी वेगळे अर्थ संभवतात. एक अर्थ वेदप्रामाण्याचा : वेदात आहे ते सत्य, आणि कोशातील इतर ज्ञान त्याच्याशी जुळेल तेवढेच ग्राह्य. दुसरा अर्थ वेदपद्धतीचा : वेदवाङ्मय हे एका माणसाने रचलेले नसून अनेक कुळांनी, अनेक शतके, मुखपाठाने सांभाळलेले असल्यामुळे असे सामूहिक भांडार कसे राखावे यासंबंधी त्या परंपरेत जी शिस्त तयार झाली ती कोशाला उपयोगी पडते काय, हा प्रश्न. पहिल्या अर्थाने कोश होऊच शकत नाही, फार तर भाष्य होईल. दुसरा अर्थ मात्र तपासून पाहण्यासारखा आहे.

मराठी समीक्षेत ‘टेक्स्ट’ या संज्ञेसाठी ‘संहिता’ हा शब्द रूढ झाला आहे, तो या संदर्भात बोलका आहे. वैदिक परिभाषेत संहिता म्हणजे संधी करून सलग म्हटलेला पाठ. त्या सलग पाठाच्या जोडीला पदपाठ असतो. त्यात प्रत्येक पद सुटे करून दाखवलेले असते. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे. पुढे क्रमपाठ आणि जटा, शिखा, घन इत्यादी आठ विकृती आल्या. त्यांत तीच पदे उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा म्हटली जातात. एका पाठात चूक शिरली तर दुसऱ्या पाठात ती उघडी पडते. एका माणसाच्या स्मृतीवर विश्वास न टाकता अनेक स्वतंत्र पाठांच्या परस्पर पडताळ्यावर विश्वास टाकण्याची ही योजना आहे. सामूहिक भांडाराचे पहिले तत्त्व येथे मिळते : शुद्धतेची हमी व्यक्तीच्या थोरवीवर अवलंबून न ठेवता ती पडताळ्याच्या रचनेतच बसवावी.

याच पदपाठातील एक बारकावा अधिक महत्त्वाचा आहे. ऋग्वेदातील सहा ऋचांना शाकल्याने पदपाठ दिलेला नाही. सातव्या मंडलातील त्र्यंबकाची सुप्रसिद्ध ऋचा त्यांपैकी एक होय, आणि दहाव्या मंडलातील अघमर्षण सूक्ताच्या तिन्ही ऋचा त्यांत आहेत. या ऋचा संहितेत आहेत, पाठकांनी त्या गाळल्या नाहीत. परंतु पदकाराचे मौनही तसेच्या तसे जपले गेले. आधुनिक अभ्यासक त्यावरून या ऋचांच्या प्राचीनतेविषयी तर्क करतात, ते या मौनामुळेच शक्य होते. परंपरेने पुढे सहा ऋचांचा पदपाठ रचून ती फट बुजवली असती तर एक मोलाचा पुरावा कायमचा नाहीसा झाला असता. खिलसूक्तेही अशीच मूळ संहितेपासून वेगळी, पण टाकून न देता सांभाळली गेली. दुसरे तत्त्व ते हे : संशयित मजकूर पुसून टाकू नये, आणि संशयाची खूणही पुसून टाकू नये.

तिसरे तत्त्व सूचीचे. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीत प्रत्येक सूक्ताचा ऋषी, देवता आणि छंद दिलेला आहे. ऋषीविषयी निश्चिती नसेल तेथे अनुक्रमणीकार ‘किंवा’ म्हणून दुसरे नाव देतो. ‘बृहद्देवते’त ब्रह्मवादिनींची यादी येते. तिच्यात घोषा, अपाला, लोपामुद्रा ही नावे आहेत. वेद अपौरुषेय मानणाऱ्या परंपरेने प्रत्येक सूक्ताशी कोणाचे नाव जोडलेले आहे याची इतकी काटेकोर नोंद ठेवावी, हे वरवर पाहता विसंगत वाटेल. परंपरा म्हणेल की ऋषी हा मंत्रांचा कर्ता नसून द्रष्टा आहे. कोशाच्या दृष्टीने निष्कर्ष एकच : ज्ञान कोणाच्याही मालकीचे नसले तरी ते कोणाकडून आले हे नोंदवलेच पाहिजे.

चौथे तत्त्व मतभेदाचे. यास्काचे ‘निरुक्त’ हा निघंटू या शब्दसंग्रहावरील ग्रंथ. भारतीय कोशवाङ्मयाची वंशावळ येथपर्यंत नेता येते. यास्क शाकटायन, गार्ग्य, औदुंबरायण अशा आचार्यांची मते नावानिशी देतो. सर्व नामे धातूंपासून निघाली असे शाकटायनाचे मत, आणि सर्वच नाहीत असे गार्ग्याचे. वृत्र म्हणजे कोण या प्रश्नावर नैरुक्त मेघ म्हणतात आणि ऐतिहासिक त्वष्ट्याचा पुत्र असा असुर म्हणतात, ही दोन्ही उत्तरे यास्काने नोंदवली. शाकल्याचा एका ठिकाणचा पदच्छेद चुकीचा आहे असेही तो स्पष्टपणे म्हणतो. सर्वांत धीट गोष्ट अशी की, मंत्रांना मुळी अर्थच नाही असे म्हणणाऱ्या कौत्साचे मत यास्काने त्याच्या युक्तिवादांसह ग्रंथाच्या आरंभीच मांडले आणि मग त्याचे खंडन केले. कौत्साचा स्वतंत्र ग्रंथ आज हाती नाही. त्याचा युक्तिवाद शिल्लक आहे तो त्याच्या विरोधकाच्या ग्रंथात. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडण्याची ही शिस्त नसती तर वैदिक परंपरेतील सर्वांत मूलगामी संशय कोणाला कळलाही नसता.

या चारही गोष्टींना शाखाभेदाची पार्श्वभूमी आहे. पतंजलीने महाभाष्यात ऋग्वेदाच्या एकवीस, यजुर्वेदाच्या एकशे एक, सामवेदाच्या सहस्र आणि अथर्ववेदाच्या नऊ शाखा सांगितल्या. त्यांपैकी बहुतेक आज लुप्त आहेत. परंतु एका शाखेने दुसरीचा पाठ ‘सुधारून’ आपल्यासारखा करून घ्यावयाचा नाही, हा दंडक दीर्घकाळ टिकला. एकच अधिकृत पाठ ठरवण्यापेक्षा ज्याने त्याने आपला पाठ चोख राखावा, ही एकात्मतेची निराळीच कल्पना होती.

३

ही तत्त्वे पद्धतीची झाली. ज्ञान ग्राह्य केव्हा मानावे, या प्रश्नाचे उत्तर मीमांसक आणि नैयायिक यांच्या वादात सापडते. आधुनिक कोशरचनेतील संपादकीय धोरणाचा मूलभूत पेच याच वादात फार आधी मांडला गेला होता.

मीमांसकांचा पक्ष स्वतःप्रामाण्याचा. ज्ञान उत्पन्न होताच ते प्रमाणच असते. त्याचे अप्रामाण्य मात्र बाहेरून कळते. एकतर त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान पुढे येते, किंवा ज्या साधनातून ते आले त्या साधनातच दोष आढळतो. नैयायिकांचा पक्ष परतःप्रामाण्याचा. ज्ञान खरे की खोटे हे बाह्य कसोटीनेच ठरते, आणि शब्दाच्या बाबतीत वक्ता आप्त, म्हणजे यथार्थ जाणणारा व यथार्थ सांगणारा, असला पाहिजे. मीमांसकांचा प्रतिप्रश्न असा की, प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचे प्रमाणपत्र लागत असेल तर त्या दुसऱ्याला तिसऱ्याचे लागेल, आणि ही अनवस्था कोठेच थांबणार नाही.

तज्ज्ञ नेमून, त्यांचे लेख तपासून, त्यांच्या नावानिशी छापणारा कोश परतःप्रामाण्याचा कोश होय. नोंद ग्राह्य ठरते ती लेखक आप्त असल्यामुळे. याउलट २००१ मध्ये इंग्रजीत आणि २००३ मध्ये मराठीत सुरू झालेल्या विकिपीडियासारख्या खुल्या कोशाची रीत व्यवहारात स्वतःप्रामाण्याच्या जवळ जाते. कोणीही लिहावे, आणि बाध येईपर्यंत लिहिलेले राहावे. संदर्भ देण्याचा नियम त्या कोशात कडक आहे, तो न्यायपक्षाकडून आला असे म्हणता येईल. परंतु नोंद प्रथम जन्मते आणि परीक्षा मागाहून होते, हा क्रम मीमांसेचा.

या साम्याला एक मर्यादा आहे, ती ओलांडली की विचार घसरतो. वेद हा जगातील पहिला सामूहिक कोश होता, अशी घोषणा करण्याचा मोह आजकाल अनेकांना होतो. कुमारिलाच्या युक्तिवादाचा आधार वेदाला कर्ताच नाही हा होता. कर्ता नाही म्हणून कर्त्याचे राग, लोभ, अज्ञान हे दोषही नाहीत. आधुनिक सामूहिक कोशाला कर्ते पुष्कळ असतात. कर्ते पुष्कळ असणे आणि कर्ता नसणे या गोष्टी एक नव्हेत. बार्तने १९६० नंतरच्या दशकात लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. मराठी समीक्षेने ती स्वीकारताना अपौरुषेयतेशी तिचे साम्य अधूनमधून सुचवले. परंतु लेखक अदृश्य झाला म्हणून त्याचा जातीय, प्रादेशिक किंवा वर्गीय दृष्टिकोन अदृश्य होत नाही. तो अधिक सुरक्षित होतो, कारण त्याला आता नाव राहत नाही. म्हणून सामूहिक कोशाने अपौरुषेयतेचा दावा करू नये. त्याने घ्यावयाचे ते बाधाचे तत्त्व : बाध येईपर्यंत ग्राह्य, आणि बाधाला वाट सदैव मोकळी.

४

ही वाट कोणासाठी मोकळी, असा प्रश्न येथे उभा राहतो. बाधक ज्ञान असलेल्या माणसाला ते उच्चारण्याचा अधिकारच नसेल तर स्वतःप्रामाण्याचे तत्त्व सत्तेचे साधन बनते. जे बाधित होऊ शकत नाही ते प्रमाण ठरते, आणि ते बाधित होत नाही याचे कारण बाध आणणाऱ्याला दाराबाहेर ठेवलेले असते. वैदिक ज्ञानपद्धतीचे मोठेपण आणि तिचे अपयश ही दोन्ही या एका ठिकाणी एकत्र येतात.

जैमिनीच्या पूर्वमीमांसासूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराचा आहे. स्त्रीला यज्ञाचा अधिकार नाही हे ऐतिशायनाचे मत तेथे पूर्वपक्ष म्हणून येते आणि फेटाळले जाते. शूद्राला अधिकार नाही हा सिद्धांत मात्र स्वीकारला जातो. परंतु तेथेच बादरी या आचार्याचे मत नोंदलेले आहे : अधिकार सर्वांना असावा. बादरीचे मत हरले, तरी ज्या ग्रंथाने त्याला हरवले त्याच ग्रंथाने त्याचे नाव आणि मत जपले. रथकार आणि निषादस्थपती यांच्याविषयीच्या चर्चांतही वर्णाच्या चौकटीत न बसणाऱ्या माणसांना विशिष्ट कर्मांचा अधिकार द्यावा लागल्याची नोंद आहे. पूर्वपक्ष जपण्याची शिस्त इतकी खोल होती की बहिष्काराच्या शास्त्रातही बहिष्काराविरुद्धचा युक्तिवाद शिल्लक राहिला. व्यवहारात मात्र तो दोन सहस्रकांच्या आसपास निष्प्रभ राहिला.

महाराष्ट्रात हा प्रश्न ग्रंथांबाहेर आला तो वेदोक्त प्रकरणात. १८९९ मध्ये कोल्हापूरच्या राजघराण्याचे धार्मिक विधी वेदोक्त मंत्रांनी करावयाचे की पुराणोक्त, यावरून वाद पेटला. छत्रपती शाहू महाराजांच्या दृष्टीने हा मानाचा प्रश्न होता, आणि त्याहून अधिक तो ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न होता. त्याची परिणती म्हणून त्यांनी १९२० मध्ये ब्राह्मणेतर पुरोहित घडवणारे वैदिक विद्यालय आणि क्षात्रजगद्गुरुपीठ स्थापन केले. हेच वर्ष ज्ञानकोशाच्या पहिल्या खंडाचे. पुण्यात वेदविद्या मराठी गद्यात छापली जात होती आणि कोल्हापुरात वेदमंत्र नव्या मुखांनी म्हटले जात होते. या दोन घटनांचे कर्ते एकमेकांच्या छावणीतील नव्हते. केतकरांचे समाजशास्त्र आणि शाहूंचे राजकारण यांत अंतर मोठे होते. तरीही दोहोंचा परिणाम एका दिशेने झाला. गुरुमुखातून अधिकाऱ्यालाच मिळणारी विद्या सार्वजनिक झाली. शंकर पांडुरंग पंडितांनी १८७६ पासून चालवलेल्या ‘वेदार्थयत्न’ या मासिक उपक्रमाने आणि पुढे सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांच्या ऋग्वेदाच्या मराठी भाषांतराने हीच वाट चोखाळली. छापील मराठी पुस्तक विकत घेणाऱ्याला त्याची शाखा विचारीत नाही.

५

या इतिहासाचा पुढचा टप्पा वाईचा. प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वती आणि त्यांचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी जे कोशकार्य केले ते परंपरेच्या आत राहून केलेले होते. ‘धर्मकोशा’चा व्यवहारकांड १९३७ पासून निघू लागला. ‘मीमांसाकोश’ सात खंडांत सिद्ध झाला. धर्मकोशाची रचना वेदांपासून निबंधग्रंथांपर्यंत एकाच विषयावरील वचने कालक्रमाने मांडण्याची आहे. हा क्रम निरुपद्रवी दिसतो, पण तो मोठा विध्वंसक आहे. एकाच विषयावर वेद काय म्हणतो, सूत्रे काय म्हणतात, मनू काय म्हणतो आणि मध्ययुगीन निबंधकार काय म्हणतो हे एकाखाली एक छापले की, धर्म सनातन व अपरिवर्तनीय आहे हा समज वाचकाच्या डोळ्यांदेखत गळून पडतो. त्यासाठी एकही टीकात्मक वाक्य लिहावे लागत नाही.

लक्ष्मणशास्त्र्यांनी यातून निष्कर्ष काढले आणि ते आचरले. १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना अस्पृश्यतानिवारणासाठी शास्त्राधार शोधण्यात त्यांनी साहाय्य केले. १९३३ मध्ये देवदास गांधी आणि लक्ष्मी यांच्या आंतरवर्णीय विवाहाचे पौरोहित्य त्यांनी केले. ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या त्यांच्या ग्रंथाला १९५५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या ग्रंथाच्या नावातला ‘विकास’ हा शब्दच धर्मकोशाच्या मांडणीतून निघालेला आहे.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर साहित्य संस्कृती मंडळामार्फत मराठी विश्वकोशाचे काम वाईतच सुरू झाले आणि तर्कतीर्थ त्याचे प्रमुख संपादक झाले. वेदाचा इतका मोठा जाणकार प्रमुख असूनही विश्वकोशाला वेदविद्येचा प्रस्तावनाखंड नाही. पहिला अकारविल्हे खंड १९७६ मध्ये आला. त्याच्या आधी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रह निघाला. केतकरांनी आरंभी ‘आपण कोठून पाहतो’ हे सांगितले, तर्कतीर्थांनी आरंभी ‘आपण कोणत्या शब्दांनी बोलणार’ हे सांगितले. हा फरक दोन व्यक्तींच्या स्वभावाचा नाही, काळाचा आहे. पारतंत्र्यातील कोशाला स्वतःचे केंद्र सिद्ध करावयाचे होते. राज्यभाषेच्या कोशाला पदार्थविज्ञानापासून कायद्यापर्यंत सर्व ज्ञान मराठीत बोलते करावयाचे होते. तरी निघंटूपासून सुरुवात करण्याची यास्ककालीन रीत परिभाषासंग्रहाच्या रूपाने कळत-नकळत पाळली गेली. लेखाखाली लेखकाचे नाव देण्याची विश्वकोशाची प्रथाही अनुक्रमणीच्या शिस्तीशी जुळणारी आहे. तर्कतीर्थ १९९४ मध्ये निवर्तले. विसावा खंड २०१५ मध्ये आला. परतःप्रामाण्याच्या मार्गाने जाणारा कोश चोख असतो, पण त्याला वेळ लागतो, याची ही साक्ष.

६

तत्त्वांची खरी परीक्षा मोठ्या विषयांवर होत नाही. ‘ऋग्वेद’ किंवा ‘कालिदास’ या नोंदींसाठी आप्त लेखक मिळतात, संदर्भ मिळतात. परीक्षा होते ती लहान नोंदीत. पालघर जिल्ह्यातील, वसई-विरार परिसरातील उमेळे हे गाव घ्यावे. वसईचा किल्ला, १५३४ मध्ये आलेला पोर्तुगीज अंमल, १७३९ मधील चिमाजी अप्पांचा विजय यांवर हवे तेवढे लिहिता येते. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरलेला स्तूप आहे. या दोहोंच्या परिसरातील उमेळ्यासारख्या गावांची नोंद करावयाची म्हटले की कोशकाराच्या हाती बहुधा जनगणनेचे आकडे आणि तालुक्याचे नाव एवढेच राहते. मग नोंद दोन ओळींची होते, आणि त्या दोन ओळी वाचणाऱ्याचा समज होतो की गावाला सांगण्यासारखे काही नाहीच.

भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. वस्तू दिसत नाही, म्हणून ती नाही हे ज्ञान होते. परंतु त्यांनी एक अट घातली : ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. भरदिवसा मोकळ्या जमिनीवर घडा दिसत नसेल तर घडा नाही असे म्हणता येते. अंधारात तसे म्हणता येत नाही. या योग्यानुपलब्धीच्या कसोटीवर गावांच्या नोंदी तपासल्या तर बहुतेक मौने अंधारातील ठरतात. छापील संदर्भ नाहीत याचा अर्थ इतिहास नाही असा होत नाही. तो शोधण्यासाठी दिवा कधी लावलाच नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. शेतांची आणि पाखाड्यांची नावे, मिठागरांचे व्यवहार, देवळांच्या वहिवाटी, चर्चमधील बाप्तिस्म्याची दप्तरे आणि वृद्धांच्या तोंडची कुळकथने ही सारी साधने कोशाच्या ‘विश्वसनीय संदर्भां’च्या व्याख्येत सहसा बसत नाहीत. उत्तर कोकणच्या इतिहासाचे मोठे साधन असलेली ‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापली. त्याआधी तीही अशीच कोशाबाहेरची होती.

वसईत या प्रश्नाला वेदाचा थेट संदर्भही आहे. तालुक्याच्या वायव्य भागात सामवेदी ब्राह्मण या नावाने ओळखला जाणारा समाज आहे. त्याची कादोडी ही बोली आहे. तीच बोली बोलणारा, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेला कुपारी समाजही तेथेच आहे. एकाच बोलीचे दोन धर्म, आणि त्यांतील एकाच्या नावात एका वेदाची स्मृती. रूढ अधिकारविचाराला या ख्रिस्ती बोलकांशी काही कर्तव्य नाही, आणि रूढ संदर्भनियमाला त्यांच्या मौखिक कुळस्मृतीशी नाही. दोन्ही नियम एकाच ठिकाणी आंधळे होतात. पद्धतीशी प्रामाणिक राहावयाचे तर यास्काने वृत्राविषयी जे केले तेच येथे करावयास हवे. इतिहासकार अमुक म्हणतात, समाजातील एक परंपरा तमुक म्हणते, दुसरी परंपरा आणखी काही म्हणते. प्रत्येक मत ज्याचे त्याच्या नावाने नोंदवावे, आणि जेथे निश्चिती नाही तेथे अनुक्रमणीकाराचा ‘किंवा’ लिहावा.

मुखपाठाने आपले सर्वस्व जपणाऱ्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्याने मौखिक साक्ष केवळ मौखिक म्हणून नाकारणे विसंगत आहे. मात्र त्या परंपरेने मुखपाठ कधी एका मुखावर सोडला नव्हता, हेही तितकेच खरे. पद, क्रम आणि घन यांचा पडताळा होता म्हणूनच तो पाठ टिकला. गावच्या स्मृतीलाही असा पडताळा हवा : एका घराचे कथन दुसऱ्या घराशी, कोळीवाड्याचे बामणआळीशी, देवळाचे चर्चच्या दप्तराशी ताडून पाहिलेले. हे काम वाईतील किंवा पुण्यातील संपादकाला दुरून करता येत नाही. ते गावातील माणसांनाच करावे लागते, आणि म्हणून तेच त्या नोंदीचे अधिकारी ठरतात.

वेदप्रामाण्यावर उभारलेल्या कोशात उमेळ्याला जागा नाही, कारण वेदात उमेळे नाही. वेदपद्धतीवर उभारलेल्या कोशात त्याला जागा असू शकते, परंतु एका अटीवर. त्या पद्धतीने स्वतःच जपून ठेवलेला आणि स्वतःच हरवलेला बादरीचा पक्ष आता सिद्धांत म्हणून स्वीकारला पाहिजे. केतकरांनी व्रात्यस्तोमाने, शाहूंनी विद्यालयाने आणि तर्कतीर्थांनी कालक्रमाच्या मांडणीने त्या दिशेने एकेक पाऊल टाकले. उरलेली वाट मोठ्या नोंदींतून जात नाही. ती दोन ओळींच्या नोंदीतून जाते, जिच्या तिसऱ्या ओळीचा मजकूर ज्याला ठाऊक आहे त्याला आजवर कोणी विचारलेले नाही.